काकूचं घड्याळ सात मिनिटं मागे

पहिली भेट बादलीमुळे झाली.

बादली सर्व्हरच्या खोलीतली. ही खोली इमारतीच्या तळघरात, लिफ्टच्या अगदी समोर. तिला खिडकी नव्हती, त्यामुळे बाहेर ऊन आहे की पाऊस, हे आत कळायला मार्ग नव्हता. आतला पाऊस मात्र आतच होता. भिंतीवरचा मोठा एसी गेली दोन वर्षं थेंब थेंब गळत होता, त्याच्याखाली एक निळी बादली होती, आणि ती दर दोन तासांनी भरत होती. भरलेली बादली बाहेर नेऊन ओतायची, हे काम ऑफिसात कोणाच्याच यादीत नव्हतं. म्हणून ते तिच्याकडे आलं होतं.

तिला ऑफिसात सगळे ‘स्वेटर’ म्हणत. खोलीचं तापमान बारा महिने अठरा अंश, म्हणून तिच्या अंगात बारा महिने पिवळा लोकरीचा स्वेटर. “स्वेटरला विचारा”, “स्वेटर जेवायला गेलीय”. तिला त्याचं काही वाटत नसे. तिच्या आधी त्या जागेवर असलेल्या गृहस्थांना निवृत्त होईपर्यंत ‘कानटोपी’ म्हणत. त्या मानाने तिचं बरं चाललं होतं.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ती भरलेली बादली घेऊन दाराबाहेर आली. त्याच क्षणी लिफ्टचं दार उघडलं, आणि खांद्याला बॅग लावलेला एक तरुण मोबाइलमध्ये बघत सरळ बादलीत चालत आला.

“अगं बाई…!” तिच्या तोंडून निघालं.

त्याने आधी मोबाइल बघितला, मग बॅग बघितली. दोन्ही कोरडे आहेत याची खात्री झाल्यावर बुटांकडे बघितलं. बुटांचं काही खरं नव्हतं.

“सर्व्हरची खोली कुठे आहे?” त्याने विचारलं.

“हीच.”

“मग हे पाणी कुठून आलं?”

“आतून.”

“सर्व्हरच्या खोलीतून — पाणी?”

“थोडंसंच असतं. आज तुम्ही सगळं घेतलंत.”

तो हसला नाही. पण हसू दाबताना माणसाचे कान जरासे मागे जातात, तसे त्याचे गेले. तिने ते बघितलं. बघायचं कारण नव्हतं, तरी बघितलं.

तो जोडणीवाला होता. म्हणजे एका कंपनीचं सॉफ्टवेअर गावोगावी नेऊन तिथल्या सर्व्हरला जोडून द्यायचं, हे त्याचं काम. सॉफ्टवेअरचा स्वभाव घरात नवीन आलेल्या हिशेबी पाहुण्यासारखा. कोण किती खातंय, कोण नुसतं बसून आहे, कोणाची खोली रिकामी पडलीय, हे तो शांतपणे बघणार आणि मग सुचवणार — याचं ताट लहान करा, त्याला पलीकडच्या घरी हलवा, अमक्याला बंद करा.

“मोजे वाळत घालायला जागा आहे का हो?” आत आल्या आल्या त्याने विचारलं.

“चार नंबरच्या कपाटामागे. तिथून गरम हवा येते. तीनच्या मागे नको, तिथे माझा डबा असतो.”

दहा मिनिटांनी तो अनवाणी, स्टुलावर पाय वर घेऊन, दात वाजवत बसला होता. तिने खुंटीवरचा तपकिरी स्वेटर काढून त्याच्या पुढ्यात टाकला. तो कानटोपींचा होता. जाताना ते दोनच गोष्टी मागे ठेवून गेले होते. एक हा कोपराला भोक पडलेला स्वेटर, आणि दुसरा एक उपदेश: चूक झाली तर झाली, लॉग पुसायचा नाही.

लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोणी, कधी, कुठून, काय केलं, ते सगळं त्यात आपोआप उतरतं. कानटोपींनी एकदा तेरा नंबर बंद करायच्या ऐवजी एकतीस नंबर बंद केला होता आणि सगळं ऑफिस दोन दिवस हातावर हात ठेवून बसलं होतं. ती ओळ अजून लॉगमध्ये होती. त्यांनी पुसली नाही. पुसता आली असती, तरी नाही.

त्या घटनेवरून धडा घेऊन तिने एक पद्धत सुरू केली होती. खोलीत लोखंडी मशीन सहाच. पण त्या सहांच्या पोटात अडतीस मानलेली मशीन राहात. खरं लोखंड एकच, पण प्रत्येकाला वाटतं सगळं घर आपलंच. एकत्र कुटुंबात वाटतं तसंच. तर या अडतीसांचे नंबर काढून तिने त्यांना नातेवाइकांची नावं दिली होती. नंबर चुकतो, नातेवाईक चुकून बंद करता येत नाही.

जोडणीवाल्याने यादी उघडली आणि बराच वेळ वाचत राहिला.

“मावशी?”

“ईमेल. कोणाचं काय चाललंय ते सगळं तिच्याकडे असतं, आणि तिच्याकडून सगळीकडे जातं.”

“मोठे काका?”

“फाइली. घेतात भरपूर, परत द्यायला वेळ लावतात.”

“धाकटा भाऊ… हा प्रिंटरचा असणार.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मलाही धाकटा भाऊ आहे. हो म्हणतो, करत नाही.” त्याने बोट खाली नेलं. “आत्या?”

“हजेरी. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं. दारातच बसलेली असते.”

बोट आणखी खाली गेलं आणि थांबलं.

“ही… सासू. बंद दिसतेय.” त्याने मान न वळवता विचारलं, “लग्न झालंय तुमचं?”

“नाही. जागा राखून ठेवलीय.”

एसीमधून एक थेंब बादलीत पडला. रिकाम्या बादलीत आवाज जरा मोठाच होतो.

आता या सगळ्या गोतावळ्यावर देखरेख करणारा एक मुख्य सर्व्हर होता. कोण कुठल्या लोखंडात राहणार, कोणाला किती मिळणार, घरातलं घड्याळ किती वाजले म्हणणार, सगळं तोच ठरवायचा. त्याचं नाव काकू. काकूला विचारल्याशिवाय घरात पान हलत नसे. जोडणीवाल्याला आपलं सॉफ्टवेअर जोडायचं होतं ते या काकूला.

“पत्ता सांगा काकूंचा,” तो म्हणाला. तिने सांगितला.

“खात्याचं नाव?”

“पाहुणा.”

“पासवर्ड?”

“तोंड फिरवा.”

त्याने तोंड फिरवलं. तिने पासवर्ड टाइप केला. मग जरा विचार करून एका कागदावर लिहून त्याला दिलाच, कारण काम त्याचं होतं.

“हं. आता काकू ओळखीचं प्रमाणपत्र दाखवतायत… पण हे त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेलं आहे. विश्वास ठेवायचा का?”

“ठेवा. आमच्याकडे पद्धतच आहे तशी.”

“आणि हक्क? मला पूर्ण हक्क दिलेत तर बरं. हलवणं, कमी करणं, सगळं आपोआप होईल.”

“फक्त बघायचं,” ती म्हणाली. “हात लावायचा नाही.”

“नुसतं बघून काय होणार?”

“सुचवता येईल. मंजूर करायचं की नाही ते मी बघेन.”

“बरं…” तो म्हणाला. “बघतो.” आणि स्क्रीनकडे बघण्याऐवजी भलतीकडेच बघत राहिला. ती भलतीकडची जागा पिवळ्या स्वेटरच्या आसपास होती.

चार वाजून दहा मिनिटांनी स्क्रीनवर हिरवा दिवा लागला. जोडणी झाली. 

“झालं?” तिने विचारलं. आवाजात आनंद आणायचा राहून गेला.

“झालं. आता हा दिवा सलग चोवीस तास हिरवा राहिला पाहिजे. मग तुम्ही कागदावर सही करायची, मी पुढच्या गावाला जायचं.”

“कितवं गाव?”

“या वर्षातलं विसावं. तुमचं एकोणिसावं.”

“म्हणजे उद्या संध्याकाळी जाणार.”

“हो ना,” तो म्हणाला, आणि मोजे काढायला चार नंबरच्या मागे गेला. जाताना लॅपटॉप घेऊन गेला. चार वाजून बारा मिनिटांनी दिवा लाल झाला.

“अरेच्चा,” मागून आवाज आला. “खात्याला कुलूप लागलं वाटतं. पासवर्ड चुकला असणार… कोणाचा तरी.”

“कुलूप काढायला वेळ लागेल,” ती म्हणाली. “उद्याच होईल.”

कुलूप काढायला अर्धं मिनिट लागतं.

तो गेल्यावर तिने लॉग उघडला. चुकीचा पासवर्ड, तीन वेळा, जोडणीवाल्याच्या लॅपटॉपवरून. चूक एकदा होते. दोनदाही होते. पण सहा सेकंदांत तीनदा — ही मेहनत होती.

ती बराच वेळ त्या तीन ओळींकडे बघत बसली. बादली भरून वाहायला लागली तेव्हा उठली.

मंगळवारी सकाळी तिने कुलूप काढलं, दिवा हिरवा झाला आणि सॉफ्टवेअर कामाला लागलं. दुपारपर्यंत सूचना यायला लागल्या.

“मोठ्या काकांना दिलेली मेमरी निम्मी करा,” त्याने वाचून दाखवलं. “मावशींना दोन नंबरमधून पाचमध्ये हलवा. आणि मामा — अहो, हे मामा कोण? अकराशे दिवस झाले, काहीच करत नाहीत. सोळा जीबी मेमरी घेऊन नुसते बसलेत.”

“मामा तसाच आहे.”

“बंद करा म्हणतंय.”

“म्हणू दे. खरा मामा दर रविवारी येतो आमच्याकडे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो, संध्याकाळी जातो. काही करत नाही. पण एका रविवारी नाही आला तर आई तीनदा दारात जाऊन बघते.” तिने ‘नामंजूर’ दाबलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: असू दे.

तो तपकिरी स्वेटरच्या कोपरातल्या भोकात बोट घालून फिरवत राहिला. जरा वेळाने म्हणाला, “मी गेल्या वर्षभरात एका खुर्चीत दोनदा बसलो नव्हतो. हे स्टूल पहिलंच.”

तीन वाजता तो चहा आणायला वर गेला, आणि तिने काकूचं घड्याळ सात मिनिटं मागे केलं.

यात मोठं डोकं नव्हतं. पाहुण्याच्या आणि काकूच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, की काकू पाहुण्याला दारात उभं करत नाही. सात मिनिटं पुरे होती. दिवा लाल झाला.

तो चहा घेऊन आला. स्क्रीन बघितली. भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मनगटावरचं बघितलं. मग तिच्या हातात कप दिला.

“फारच गुंतागुंतीचं दिसतंय हो,” तो म्हणाला.

“हो का?”

“दिवस जाणार याच्यात.”

“जाऊ दे ना… म्हणजे, जाणारच.”

त्याचे कान मागे गेले.

आता, घरातलं घड्याळ मागे गेलं की एकट्या काकूचं जात नाही. तिच्या शब्दावर चालणारे सगळेच मागे जातात, आणि त्यात पहिली आत्या. बुधवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी आलेले लोक आत्याने आठ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आल्याचं लिहिलं. ऑफिस सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच एकजात सगळे वेळेवर आले. ज्याला त्याला वाटलं, आपलंच घड्याळ पुढे असणार. वेळेवर आल्याचा आनंद असला की माणूस फार खोलात जात नाही.

सर्वात जास्त आनंद साहेबांना झाला. साहेब म्हणजे या ऑफिसचे मुख्य; गेली सहा वर्षं शिस्तीवर नोटिसा लावत होते आणि त्या कोणी वाचत नव्हतं. बुधवारी अकरा वाजता लिफ्टमध्ये नवी नोटीस लागली: ‘अभिनंदन. करून दाखवलंत.’ खाली साहेबांची सही, आणि सहीखाली — याआधी कोणी पाहिलं नव्हतं — एक हसरा चेहरा.

“हे बघितलंत का?” जोडणीवाल्याने खाली येऊन विचारलं.

“बघितलं,” ती म्हणाली.

“मग आता?”

“आता काय… सरळ केलं तर उद्या सगळे लेट.”

त्याने मान डोलावली, स्टूल ओढलं, आणि आपल्या सॉफ्टवेअरचं घड्याळही निमूटपणे सात मिनिटं मागे केलं. चुकीला चूक जुळली. दिवा हिरवा झाला.

एखाद्या मुलीसाठी कोणी काय काय करतं. घड्याळ मागे करून तिच्या चुकीत येऊन बसणारा तिने पहिलाच पाहिला.

तेवढ्यात त्याच्या कंपनीचा फोन आला. तो दाराबाहेर जाऊन बोलला आणि आत आला तेव्हा कान जागच्या जागी होते.

“शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. तोवर काम झालं नाही तर माझ्या जागी दुसरा येणार.”

“दुसरा कसा आहे?”

“हुशार आहे. दोन तासांत जोडतो.”

ती बादलीकडे बघत म्हणाली, “मग मुदतीत करायला पाहिजे.”

“पाहिजे,” तो म्हणाला. अर्ध्या तासाने स्क्रीनवर आलं: ‘प्रमाणपत्रावर विश्वास उरलेला नाही.’ दिवा लाल.

“काकूंनी स्वतःच स्वतःला दिलेलं होतं ना,” त्याने खुलासा केला. “मला रात्रभर पटत नव्हतं.”

हे असं चाललं होतं. दोघांना सगळं कळत होतं आणि दोघंही एकमेकांना काहीही कळू देत नव्हते. बोलायचं ते राहिलंच होतं. रोज वाटायचं, दिवा लाल आहे तोवर वेळ आहे.

बुधवारी संध्याकाळी ती घरी पोहोचली तेव्हा आई दारातच होती.

“आजपण बस चुकली?”

“सात मिनिटांनी.”

“काल पण सात, आज पण सात. कोण आहे?”

“कोण म्हणजे?”

“बस रोज ठरल्या वेळेला चुकत असली तर त्याच्यात बसचा हात नसतो,” आई म्हणाली. “उंच आहे का?”

“आई, तो शुक्रवारी जाणार आहे.”

“मी उंची विचारली.”

“…बऱ्यापैकी.”

“मग बोल की त्याच्याशी. जिभेला काय मुंग्या आल्यात?”

गुरुवारी दुपारी लिफ्टमध्ये तिला दुसऱ्या मजल्यावरची ताई भेटली. चेहरा उतरलेला. “काय होतंय कळत नाही गं,” ताई म्हणाली. “आत्ता निघायची वेळ झाली असं मला वाटतं, पण आत्या सोडत नाही. पाळणाघराला कुलूप लागतं, आणि माझी पोर तिथल्या बाईंचा हात धरून रस्त्यावर उभी असते. दोन दिवस झाले. काल रडत होती.”

सकाळी सगळे सात मिनिटं लवकर येत होते, म्हणजे संध्याकाळी सगळे सात मिनिटं उशिरा जात होते. हे तिला कळायला हवं होतं. हिशेब साधा होता. पण गेले तीन दिवस तिचे साधे हिशेब बंद होते.

ती खाली आली. तो नुकताच प्रमाणपत्रावर परत विश्वास ठेवून दिवा हिरवा करून बसला होता.

“मी घड्याळ सरळ करतेय,” ती म्हणाली.

“उद्या सगळे लेट होतील. साहेब लॉग मागतील.”

“मागू देत.”

“लॉगमध्ये तळघराचं नाव आहे, म्हणजे तुमचंच.” तो थांबला. “नोकरी जाऊ शकते.”

“माहितीय.” तिने घड्याळ सरळ केलं. त्याचं सॉफ्टवेअर मागेच राहिलं, दिवा लाल झाला. या खेपेला तो कोणी मुद्दाम केला नव्हता, त्यामुळे दोघांनाही तो जरा परका वाटला.

शुक्रवारी सकाळी एक्केचाळीस लोक उशिरा आले. साडेनऊला लिफ्टमधून नोटीस गायब झाली. पावणेदहाला साहेब स्वतः तळघरात उतरले. ते याआधी तिथे कधी आले नव्हते. थंडी वाजायला लागली तसा त्यांनी कोट गळ्यापर्यंत लावला.

“काल कोणीतरी यंत्रात काहीतरी केलंय,” साहेब म्हणाले. “माझी शिस्त एका रात्रीत जाणार नाही. लॉग काढा.”

जोडणीवाला हळूच तिच्या कानाशी वाकला. “ती एक ओळ… नाही छापली तर?”

“लॉग पुसायचा नाही,” ती म्हणाली, आणि छापायची आज्ञा दिली. धाकट्या भावाने पहिल्यांदाच एका हाकेत कागद दिला.

साहेबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नोटिसा वाचून वाचून त्यांचा आवाज सपाट झालेला होता.

“सोमवार, चार वाजून दहा मिनिटं. जोडणी पूर्ण. चार वाजून बारा. चुकीचा पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, चुकीचा पासवर्ड. ठिकाण, जोडणीवाल्याचा लॅपटॉप.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “पासवर्ड माहीत नव्हता?”

“होता, सर,” जोडणीवाला म्हणाला.

“मंगळवार, अकरा. जोडणी पूर्ण. तीन वाजता, घड्याळ सात मिनिटं मागे. ठिकाण, तळघर.” ते परत थांबले. “तळघरात कोण असतं?”

“मी, सर,” ती म्हणाली.

“बुधवार, बारा. पाहुण्याचं घड्याळही सात मिनिटं मागे. जोडणी पूर्ण. एक वाजता, विश्वास काढून घेतला. गुरुवार, तीन. विश्वास परत ठेवला. साडेतीन. घड्याळ सरळ केलं, तळघर. जोडणी तुटली.”

साहेबांनी कागद खाली घेतला. एक थेंब पडला. आणखी एक पडला.

“मला जेवढं समजलं तेवढं सांगतो,” ते म्हणाले. “जोडलं कोणी?”

“दोघांनी.”

“मोडलं कोणी?”

“…दोघांनी.”

“आळीपाळीने?”

“हो, सर.”

“पण का?”

तिने बोलायला तोंड उघडलं, पण तो आधी बोलला. “दिवा चोवीस तास हिरवा राहिला की मला जावं लागतं, सर.” तो साहेबांकडे बघत नव्हता. “मला जायचं नव्हतं.”

साहेब तिच्याकडे वळले. “आणि तुम्ही?”

“मला पण,” ती म्हणाली. चार दिवस जे बोलता येत नव्हतं ते साहेबांच्या चौकशीत फारच सोपं झालं. “म्हणजे… यांनी जायला नको होतं.”

साहेबांनी कागदाची घडी घातली. आणखी एक घातली. “म्हणजे माझी शिस्त,” ते अगदी हळू म्हणाले, “ही होती.”

मग साहेबांनी घसा साफ केला. “तुम्ही खरं ते छापून दिलंत, म्हणून फक्त लेखी खुलासा. पुन्हा झालं तर घरी. आणि हा दिवा आज चारच्या आत हिरवा. उद्या चार वाजता मी स्वतः बघायला येणार, तोवर हे गृहस्थ इथून हलणार नाहीत. यांच्या कंपनीला मी कळवतो.”

ते दारापर्यंत गेले. तिथे थांबले.

“ती सात मिनिटं… सकाळपुरतीच मागे नाही का करता येणार?”

“नाही, सर.”

“बरं,” साहेब म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

त्यानंतर चोवीस तास दिव्याला कोणी हात लावला नाही. दोघांना एकाएकी एकमेकांशी काय बोलावं तेच सुचेना. सगळं साहेबांनी वाचून टाकलं होतं. शनिवारी ऑफिस रिकामं, आणि ते दोघं स्टूल-खुर्चीवर बसून हिरव्या दिव्याकडे बघत होते. बादली दोनदा त्याने ओतली.

चारला साहेब आले, दिवा बघितला, घड्याळ बघितलं, गेले. तिने कागदावर सही केली. त्याची बस पाचची होती.

“एक सूचना राहिलीय,” तो लॅपटॉप न मिटता म्हणाला. “हाताने नोंदवलीय. तुमच्याकडे मंजुरीला येईल.”

तिच्या स्क्रीनवर सूचना आली. क्रमांक एक्केचाळीस. *मशीन: जोडणीवाला. सध्याचं ठिकाण: एकोणीस गावांत थोडं थोडं. सुचवलेलं ठिकाण: इथे. कारण: एकटाच चालतो, गरम होतो.*

“हे कसं जमायचं?” तिने विचारलं. मान वर केली नाही.

“या भागात कंपनीला कायमचा माणूस हवाय. कोणी यायला तयार नाही. मी गुरुवारी अर्ज केलाय. तुम्ही घड्याळ सरळ केलंत ना… त्यानंतर लगेच.”

“आधी का नाही सांगितलंत?”

“मला फक्त बघायचा हक्क होता.”

स्क्रीनवर तीन बटणं होती. मंजूर. नामंजूर. नंतर विचारा. तिने तिसरं दाबलं. ‘किती वेळाने?’ असा रकाना आला, आणि तिने त्यात सात मिनिटं असं लिहिलं.

तो तपकिरी स्वेटर अंगात घालून परत स्टुलावर बसला. एसी गळत राहिला. घड्याळ बरोबर होतं, त्यामुळे सात मिनिटांना सात मिनिटंच लागली. तिला ती फार वाटली, म्हणून तिने मध्ये एकदा त्याच्याकडे बघितलं. तो आधीपासूनच बघत होता.

वेळ झाल्यावर सूचना परत वर आली. तिने मंजूर दाबलं.

“बस जाईल तुझी,” ती म्हणाली.

“पुढच्या महिन्यात येईन. स्वेटर नेऊ?”

“ने. पण त्याला इथेच राहायची सवय आहे, हे लक्षात ठेव.”

लिफ्टचं दार मिटेपर्यंत त्याचे कान मागेच होते.

तो गेल्यावर तिने यादी उघडली, खाली गेली, आणि बंद असलेली सासू सुरू केली.

सोमवारी सकाळी पाहुण्याची नवी सूचना आलेली होती: ‘सासू’ चालू आहे, पण काहीच काम नाही, बंद करावी. तिने नामंजूर दाबलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: थांबा. काम येतंय.